जोआकिमची घंटा

वास्को द गामाच्या आईनं तो निघाला तेव्हा त्याला डबा बांधून दिला होता, असं हेरंबनं सांगितलं त्या वेळी आम्ही लिस्बनमध्ये वास्को द गामाच्याच थडग्यापाशी उभे होतो.

"कसला डबा?" सुलभाताई धारपांनी विचारलं.

"सुके अंजीर आणि बदाम. म्हणाली, बाबा रे, समुद्राचं काही सांगता येत नाही. अर्धे जाताना खा, अर्धे येताना खा."

सुलभाताईंनी ओढणीनं डोळे टिपले. त्यांचा मुलगा टोरोंटोला असतो.

ग्रासा ही आमची तिथली गाईड. पन्नाशीची, सडपातळ, पायांत चपटे बूट. ती इंग्रजीत सांगायची आणि आमच्या सहलीचा प्रमुख म्हणून हेरंब ते मराठीत सांगायचा. ग्रासानं मघाशी दोनच वाक्यं सांगितली होती. वास्को द गामा इथे पुरलेला आहे, आणि हे दगडी थडगं त्याच्या मागून कितीतरी वर्षांनी बनवलेलं आहे. डबा तिच्या बोलण्यात कुठेच नव्हता.

मी गप्प बसले, कारण मी तसं वचन दिलं होतं.

हेरंब मोघे माझा विद्यार्थी. अलिबागला प्राथमिक शाळेत चौथीला माझ्याकडे होता. निघताना मुंबईच्या विमानतळावर सगळ्यांदेखत तो माझ्या पाया पडला आणि मग मला हळूच एका खांबाआड घेऊन गेला.

"बाई, एक मागू? सगळ्यांसमोर माझी चूक काढू नका. मागाहून कान धरा, पण समोर नको. ही माझी पहिलीच सहल आहे. एक जरी तक्रार आली तरी पुन्हा पुण्याच्या ऑफिसात व्हिसाचे कागद जुळवत बसायचं, असं मालकांनी सांगितलंय."

"मी कशाला तुझ्या चुका काढीन?"

"बाई," तो म्हणाला, "मी तुमच्या वर्गात होतो."

त्याला काय आठवत होतं ते मला कळलं. सहामाहीला प्रश्न होता, पोर्तुगीज भारतात कशासाठी आले? उत्तर दोन ओळींचं. हेरंबनं पुरवणी मागितली. चौथीतल्या मुलानं पुरवणी मागितल्याचं माझ्या नोकरीतलं ते एकमेव उदाहरण. त्यात त्यानं राजाचा आचारी आणला होता, मिरी संपलेली होती, राजा ताट ढकलून उठला होता. मी पाचांपैकी दोन गुण दिले आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'विचारलं तेवढंच लिही.' माझा शेरा बरोबरच होता. परीक्षा म्हणजे परीक्षा.

पण वचन दिलं ते दिलं. मला ही सहल हवी होती. रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्यात मी दरवर्षी मुलांना नेलं, पडक्या चर्चच्या कमानीखाली डबे खायला बसवलं आणि सांगितलं, हे लोक फार लांबून आले होते. किती लांबून, ते एकदा मला स्वतःला बघायचं होतं.

अडचण होती ती देवस्थळींची. देवस्थळी बँकेत ऑडिटला होते. निवृत्त झाल्यावर त्यांना तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते हेरंबला तपासत. इंग्रजी त्यांना उत्तम कळे, शिवाय हातात फोन.

"डब्याचं कुठेही काही नाही," बसमध्ये बसल्या बसल्या ते म्हणाले. "मी पाहिलं."

"लोककथा आहे, काका," हेरंब म्हणाला.

"कोणत्या लोकांची?"

गंमत अशी की आधी कोइंब्राला हेरंब घसा बसल्यामुळे फक्त ग्रासा सांगेल तेवढंच बोलला होता. तिथल्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकांतले किडे खाण्यासाठी वटवाघळं राहू देतात आणि रोज संध्याकाळी टेबलांवर कातडी पसरतात, हे अगदी खरं आहे. पण त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. अंजिरांवर मात्र सगळ्यांचा बसला.

"सहल संपली की मी पुण्याला फोन करणार," देवस्थळी मला म्हणाले. "एवढे पैसे घेता, तर निदान खरं सांगा. चुकतंय का माझं?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. माझ्या वर्गात असते तर मी त्यांना मॉनिटर केलं असतं.

लिस्बनहून आम्ही एव्होराला गेलो. तिथे माणसांच्या कवट्यांनी आणि हाडांनी भिंती मढवलेलं एक प्रार्थनाघर आहे. ते पाहून झाल्यावर कुणालाच जेवण जाईना, म्हणून सेव्हिलच्या वाटेवर एका खेड्यात बस थांबवायची ठरली. खेड्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांच्या सालीची बाटल्यांची बुचं करतात त्या झाडांतून वळण घेत रस्ता आत जातो. खोडांची साल काढलेली, त्यामुळे झाडं गुडघ्यापर्यंत परकर खोचून उभी राहिल्यासारखी दिसतात. मग पांढरी घरं, त्यांना खालून निळे पट्टे, मधे चौक, चौकात लहानसं चर्च. घंटेच्या मनोऱ्यावर करकोच्याचं भलंमोठं घरटं होतं.

पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लिंबाचं लोणचं झाल्यावर माणसांत जीव आला.

"देऊळ उघडं आहे हो," सुलभाताई म्हणाल्या. "जाऊन येऊ या. तसंच पुढे जाणं बरं नाही वाटत."

आत एक बाई फुलं बदलत होती. सणाची तयारी असावी. ग्रासा कोपऱ्यावरच्या कॅफेत कॉफी घेत होती आणि हेरंब ड्रायव्हरबरोबर गाडी मागे घेण्यात गुंतला होता. माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी बाकावर थर्मास घेऊन बसले. शेजारी देवस्थळी.

"तुम्ही नाही जात?" मी विचारलं.

"मी आपल्या देवळात जात नाही. यांच्यात कशाला जाऊ?"

मंडळींनी दाराशी चपला काढल्या. बूट, सँडल, सगळं ओळीनं. आत शिरल्यावर लगेच डाव्या हाताला वरून एक जाड दोर लोंबत होता. देवाच्या दारात शिरताना वर हात गेला नाही तर सुलभाताईंना चुकल्यासारखं होतं. त्यांनी दोर धरला, डोळे मिटले आणि ओढला.

घण्ण.

आपल्याकडे दर्शनाच्या रांगेला एक शिस्त असते. पुढचा वाजवतो, हात जोडतो, क्षणभर थांबतो, सरकतो. मग मागचा. तीसएक माणसं अगदी शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकानं एकेक टोल दिला. एक टोल, मग शांतता. पुन्हा एक टोल, पुन्हा शांतता. त्या उन्हात तो आवाज मला फार चांगला वाटला. मी देवस्थळींना तसं म्हणालेसुद्धा.

समोरच्या घराची खिडकी उघडली. मग शेजारची. ओल्या हातांची एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि तिनं छातीवर क्रूस काढला. चौकात पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले आणि टोप्या काढल्या. एवढ्यात वरच्या गल्लीतून एक ठेंगणा म्हातारा आला. पायांत घरातल्या तपकिरी चौकड्यांच्या स्लिपर, टोपी छातीशी धरलेली, आणि तो लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून रडत होता. आमच्याकडे न बघता तो चौक ओलांडून खालच्या गल्लीत गेला. लोक त्याच्या मागे गेले.

आत घंटा चालूच होती. आमचे निम्मेच झाले होते.

ग्रासा हातात कप घेऊनच कॅफेतून बाहेर आली. मागे कॅफेवाला. तो तिला काहीतरी सांगत होता आणि मान हलवत होता. मग तिची नजर चर्चच्या दाराकडे गेली. चपलांची रांग, आणि आत दोराला लोंबकळणारे आमचे नाशिकचे वैद्य पती-पत्नी. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही घंटा इथे अशी, एकेक करून, फक्त कुणी गेलं तरच वाजते," ती म्हणाली. "गावात जोआकिम नावाचा म्हातारा ईस्टरपासून अंथरुणाला खिळलाय. सगळ्यांना वाटलं, गेला. तो रडत गेला तो त्याचा धाकटा भाऊ, बाल्तझार."

"अरेरे."

"त्या दोघांचं बोलणं नाहीये. बांधावरच्या एका ऑलिव्हच्या झाडावरून. दोघांचे केस काळे होते तेव्हापासून."

रांग संपली आणि घंटा थांबली. मंडळी प्रसन्न चेहऱ्यानं पायऱ्यांवर आली. खालच्या गल्लीतून लोक परत येत होते, पण त्यांची चाल आता वेगळी होती. पुढे चाकांची खुर्ची, तिच्यात एक लांबलचक हाडकुळा म्हातारा. मांडीवर ब्लँकेट, गळ्यात सूप पिताना बांधलेला रुमाल तसाच. हा जोआकिम. खुर्ची ढकलत होता बाल्तझार. रडणं थांबलं होतं आणि त्या जागी भयंकर राग आला होता. ज्याचं तोंड पाहायचं नाही त्याच्यासाठी आपण भर चौकात रडलो, हे त्याला आता कळलं होतं.

हेरंब धावत आला. जोआकिमच्या आजारपणाचं आणि घंटेचं ग्रासानं त्याला घाईघाईनं सांगितलं. बाल्तझार जे ओरडला ते ग्रासानं इंग्रजीत सांगितलं. "तो म्हणतोय, माझा भाऊ जिवंत आहे. जिवंत माणसाची मरणाची घंटा वाजवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुमच्यात काही लाज आहे की नाही? तो गार्डना बोलावणार आहे. बस इथून हलणार नाही म्हणतोय."

हेरंब पायऱ्यांवरच्या अनवाणी मंडळींकडे वळला. "ते म्हणतायत, आज बऱ्याच दिवसांनी घंटा वाजली. बरं वाटलं."

"मग त्यांचे डोळे का असे झालेत?" सुलभाताई.

"भरून आलंय त्यांना."

"खोटं!" देवस्थळी उठून उभे राहिले. "साफ खोटं! ती 'गार्ड' असं म्हणाली. गार्ड म्हणजे पोलीस! आपण मरणाची घंटा वाजवलीय!"

पायऱ्यांवर एकदम गलका झाला. "अगं बाई!" "मी पहिली वाजवली हो!" "सेव्हिलचं हॉटेल जाणार का आता?" आणि त्या सगळ्यावर देवस्थळींचा आवाज, "मी आत्ता पुण्याला फोन लावतो. आत्ता."

हेरंबनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. चौथीत उत्तर येत नसलं की तो वर छताकडे बघायचा. इथे छत नव्हतं, म्हणून त्यानं करकोच्याच्या घरट्याकडे पाहिलं. मग तो ग्रासाला इंग्रजीत म्हणाला, "त्यांना सांगा, हे चुकून झालेलं नाही."

मी थर्मासचं झाकण लावलं.

"आमच्याकडे माणूस फार दिवस आजारी असला की आम्ही तो गेल्याची बातमी उठवतो. मृत्यूच्या कानावर ती जाते. त्याला वाटतं, हे काम झालेलं दिसतंय. तो पुढच्या गावाला जातो आणि आजारी माणसाचं आयुष्य वाढतं. या लोकांना कळलं की इथे जोआकिम आजारी आहेत. म्हणून प्रत्येकानं एक टोल दिला. एक टोल म्हणजे एक वर्ष." तो क्षणभर थांबला. "पण नुसत्या घंटेनं होत नाही. बातमी ऐकून कुणीतरी अगदी आपलं माणूस खरं रडावं लागतं. खोटं रडून चालत नाही. तो भाग आमच्या हातात नव्हता."

ग्रासा त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि सांगा," हेरंब म्हणाला, "आमच्या कितीतरी देवळांत तुमच्या देशाच्या घंटा आहेत. तुमच्या पूर्वजांनी दिलेल्या. म्हणून आमच्या हातांना हा दोर ओळखीचा आहे."

ती घंटांची गोष्ट मीच त्याला शिकवली होती. वसईची लढाई, जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून काढून आणलेल्या घंटा, पुस्तकातला धडा, खाली स्वाध्याय. फक्त 'दिलेल्या' हा शब्द माझ्या तोंडून कधी गेला नसता.

ग्रासानं सगळं सांगितलं. तिनं जसंच्या तसं सांगितलं की काही स्वतःचं घातलं, ते मला कळायला मार्ग नाही. पण ती बरंच बोलली आणि चौक गप्प झाला.

जोआकिमनं गळ्यातला रुमाल काढला. मग बोट उचलून तो पायऱ्यांवरची माणसं मोजायला लागला. ओठ हलत होते. मोजता मोजता चेहरा उजळत गेला. बाल्तझार काहीतरी पुटपुटला आणि लोक हसले.

"काय म्हणाला?" मी ग्रासाला विचारलं.

"म्हणाला, देवा, एवढी वर्षं? या माणसाबरोबर?"

जोआकिमनं मान वर करून भावाकडे पाहिलं. पुढचं ग्रासा मला हळू आवाजात सांगत गेली. "तू रडलास?"

"नाही," बाल्तझार म्हणाला.

"रडला," कॅफेवाला म्हणाला. "अख्ख्या चौकानं पाहिलं."

"धूळ गेली डोळ्यांत."

आता सगळं निवळणार, असं वाटतंय तोच देवस्थळी पुढे झाले. "एक मिनिट, मॅडम," ते ग्रासाला इंग्रजीत म्हणाले, "मला खरी गोष्ट सांगायचीय." मग एकदम माझ्याकडे वळले. "नको, मी नको. मी बोललो की लोक म्हणतात कुरकुरतो. टिपणीसबाई, तुम्ही शिक्षिका. तुम्ही जन्मभर मुलांना खरं शिकवलंत. तुम्ही सांगा, आहे का आपल्यात अशी रूढी? हो की नाही? एका शब्दात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेरंबही. वह्या तपासून झाल्यावर मी गठ्ठा उचलला की तो तसाच बघायचा.

माझ्या आत्याला माझ्या वडिलांच्या नावाची एक तार आली होती. वडिलांच्या डोक्याला कावळा शिवला होता, आणि मोठ्यांनी तो अपशकुन उतरावा म्हणून ते गेल्याची खोटी तार केली. आत्या पेणहून रडत आली, तर वडील ओटीवर दाढी करत बसलेले. त्यानंतर ते पुष्कळ जगले. ही गोष्ट मी एकदा मोकळ्या तासाला वर्गात सांगितली होती. परीक्षेला नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहिली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.

"घंटा वाजवायची?"

"ते तुम्ही विचारलं नव्हतं. रूढी आहे का, विचारलंत. आहे. एका शब्दात."

हेरंब खाली बघून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

एवढ्यात जोआकिमचं बोट देवस्थळींवर येऊन थांबलं. त्यानं काहीतरी विचारलं.

"हे गृहस्थ वाजवून आले का, विचारतोय," ग्रासा म्हणाली.

"नाही," हेरंबनं सांगितलं.

"मग माझं एक वर्ष यांच्याकडे राहिलं, म्हणतोय."

"मी असलं काही मानत नाही," देवस्थळी म्हणाले. "सांगा त्याला."

ग्रासानं सांगितलं. जोआकिमनं ऐकून घेतलं आणि फार समजूतदारपणे मान हलवली. "तो म्हणतोय, तुम्ही मानायची गरज नाही. जगायचंय मला."

कॅफेवाल्यानं देवस्थळींच्या कोपराला हात लावला. अदबीनंच, पण सोडलाही नाही. सगळा गाव आणि आमची सगळी सहल वाट बघत उभी होती. देवस्थळी पायऱ्या चढले. दाराशी गेल्यावर, कुणी न सांगता, त्यांनी बूट काढले. मोज्यांना अंगठ्याशी भोक होतं. मग आतून टोल आला. सगळ्या टोलांत तो मोठा होता. करकोचा उडाला आणि मनोऱ्याभोवती फेरी मारून परत बसला.

बाहेर येऊन देवस्थळी हलक्या आवाजात मला म्हणाले, "नीट वाजली ना?"

निघताना गावकऱ्यांनी आम्हाला पिशवीभर ऑलिव्ह दिले. सुलभाताईंनी त्यांना चकलीचा डबा दिला. खुर्ची खालच्या गल्लीकडे वळली तेव्हा ती बाल्तझारच ढकलत होता आणि दोघं कडाकडा भांडत होते. कशावरून, ते ग्रासानं सांगितलं नाही. बहुतेक झाडावरून.

सेव्हिलच्या कॅथीड्रलमध्ये राजांसारख्या चार पुतळ्यांनी कोलंबसाची शवपेटी खांद्यावर घेतली आहे. हेरंब म्हणाला, त्यातला डावीकडचा जरा वाकलाय, कारण कोलंबसाची अर्धी देणी त्याच्याच डोक्यावर होती. देवस्थळींनी फोन खिशातून काढला नाही.

शेवटच्या दिवशी माद्रिदला ते मला म्हणाले, "मी केला पुण्याला फोन."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, ते खेडं प्रत्येक सहलीत ठेवा. फक्त स्वच्छतागृहाची नीट सोय करा."

पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात ते आलं. 'आयुष्य वाढवणाऱ्या प्राचीन घंटेचं गाव.' ही प्राचीन घंटा तेव्हा एक वर्षाची होती. लोकांनी वाचलं, गेले, एकेक टोल देऊन आले. गावानं दोराला नवी मूठ बसवली. जोआकिम चौकात खुर्ची टाकून बसायचा आणि बसला उशीर झाला तर ग्रासावर ओरडायचा, असं हेरंब सांगे. अलिबागेत माझ्या अंगणात शिकायला येणाऱ्या एका मुलीनं तिच्या आजीकडून ऐकून आलेली माहितीही मला दिली. शेवटचा टोल, जो माणूस नको म्हणतो, त्यानंच द्यायचा असतो. तसा नियम आहे.

"कुणाचा नियम?" मी विचारलं.

"फार जुना आहे, बाई," ती म्हणाली.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी हेरंबचा फोन आला. आता त्याच्या हाताखाली सहा सहलप्रमुख आहेत. गप्पा झाल्यावर मी सहज विचारलं, "जोआकिम कसा आहे?"

"गेला, बाई. महिना झाला. थंडीत आमच्या सहली नसतात. घंटा वाजली, एकेक टोल, पण गावात कुणी मान वर केली नाही. सगळ्यांना वाटलं, भारताची बस आली. फक्त बाल्तझार निघाला. त्याच्या खिडकीतून चौक दिसतो ना. चौकात बस नव्हती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे तुला ग्रासानं सांगितलं?"

"हो."

"एवढं सगळं?"

तो वर छताकडे बघत असणार.

"ती म्हणाली, गेला. जानेवारीत." मग हळूच, "बाई, विचारलं तेवढंच सांगायला हवं होतं का?"

खाली अंगणात मुलं येऊन बसायला लागली होती. त्यांचा गलबला ऐकू येत होता.

"स्लिपर त्याच होत्या का रे?" मी विचारलं. "तपकिरी चौकड्यांच्या?"

"त्याच," हेरंब म्हणाला.